तिसरी बाही

१

दुपारी आमच्या घरात पाच कामं चालू असत आणि माणूस एकच असे.

अण्णा सकाळी साडेसातला डबा घेऊन निघत. मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्यात ते स्टोअर्स सांभाळत. संध्याकाळी सहाला परत, कधी आठला. मधला सगळा वेळ माझा. मी बी.ए. झाले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. नोकरीसाठी दोन ठिकाणी मुलाखतीला गेले. दोन्हीकडे माझं नाव पुकारलं तेव्हा मी इतकी दचकले, की समोरच्या माणसांनीच मला पाणी दिलं. त्यानंतर अर्ज करणं आपोआप थांबलं. ही अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. अंबरनाथला कंपनीच्या कॉलनीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. शेजारचं बिऱ्हाड बदली होऊन गेलेलं, वरच्या बाई शाळेत शिकवायला जात. दिवसा त्या जिन्यात मी सोडून कुणी नसायचं.

आतल्या खोलीत पाच खिळे आणि पाच खिळ्यांना पाच कापडी पिशव्या. पहिलीत स्वेटरची जोडणी, ते दुकानाचं काम. दुसरीत टीव्हीवर घालायचं क्रोशाचं झाकण. आमच्याकडे टीव्ही नव्हता, ते वरच्या बाईंसाठी. तिसरीत फॉल लावायच्या साड्या. चौथीत अण्णांच्या जुन्या शर्टांची गोधडी. पाचवीत माझा स्वतःचा ब्लाउज, त्याला गेल्या दिवाळीपासून हुक लावायचे राहिले होते.

अण्णा म्हणत, एक धड कर आणि मग दुसरं घे. त्यांचं बरोबरच होतं. पण एखादं काम संपलं, दोरा तोडला, घडी घातली, की घर एकदम गप्प होई. पंखा फिरतोय हे तेव्हा ऐकू यायचं. मोरीतला नळ गळतोय आणि बादलीत थेंब पडतोय, तेही. म्हणून मी कामं संपू देत नसे. संपत आलं की ते पिशवीत घालायचं आणि दुसरं काढायचं. सकाळी जोडणी, अकराला फॉल, जेवण झालं की क्रोशा. दोन वाजता क्रोशाचे खांब घालता घालता डोळे मिटत. तीनला जाग येई तेव्हा सुई हातात तशीच असे.

२

दुकान उल्हासनगरात, कॅम्प नंबर दोनला. मालक वासुमलशेठ. शाळांचे गडद निळे स्वेटर ते पुरवत. त्यांची पद्धत अशी, की पुरा स्वेटर एका बाईनं विणायचा नाही. पाठी आणि पुढच्या बाजू बदलापूरच्या इंदुबाई विणत, बाह्या तिथल्याच जवळच्या चामटोली गावची अंजनी. एकच भाग रोज विणला की हात पळतो आणि मापही चुकत नाही. लोकर वजन करून द्यायची, विणलेला माल वजन करून घ्यायचा. सगळे भाग शेवटी माझ्याकडे येत आणि जाड बोथट सुईनं शिवून मी त्यांचा स्वेटर करत असे. ने-आण करायला जनू होता. पन्नाशीचा माणूस, लूनावरून फिरायचा, सोमवारी आणि गुरुवारी यायचा.

मला विणायला न देता जोडणी दिली, त्याला कारण होतं. विणकाम मला कुमुदिनीआत्यानं शिकवलं. आई लहानपणीच गेली, आत्यानंच मला वाढवलं. शिकवताना ती माझ्या शेजारी न बसता समोर बसायची. मी तिचे हात आरशात बघावे तसे बघून शिकले. त्यामुळे माझी लोकर सुईवरून उलट्या बाजूनं फिरते आणि प्रत्येक सुलट टाका पिळला जातो. नीट बघितलं तर तो मांडी घालून बसल्यासारखा दिसतो, पायावर पाय. सुधारायचा किती प्रयत्न केला, हात ऐकत नाही. वासुमलशेठनी माझा नमुना उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, बेटी, चाळीस साल धंद्यात आहे, असा टाका मी नाय पाहिला, माल तिरका जाईल, तू आपली जोडणी कर.

जोडता जोडता मला हात ओळखू यायला लागले. इंदुबाईंचा हात घट्ट, ओळी पट्टीनं आखल्यासारख्या. अंजनीचा सैल, निवांत. तिच्या बाह्यांना चुलीच्या धुराचा वास येई आणि कधीकधी टाक्यांत भाताचं तूस अडकलेलं सापडे. मी तिला कधी बघितलं नव्हतं. पण दुपारी तिची बाही मांडीवर घेतली की मी तिच्याशी बोलायची. आज धूर फार झाला का चुलीचा. आमचा नळ अजून गळतोच आहे. अण्णांचे गुडघे दुखतात, पण दाखवत नाहीत. असलं काहीबाही. तिच्या बाजूचं मीच बोलायची. वेडेपणाच तो, पण तो कुणाला दिसत नव्हता.

वेड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. शेवटी शेवटी आत्या कामं करायची आणि ती आपण केलीच नाहीत असं म्हणायची. उशीच्या अभ्र्यावर पूर्ण फुलांची वेल भरलेली, दोरा तिच्या बोटाला गुंडाळलेला, आणि ती शांतपणे सांगायची, हे माझं नव्हे. अण्णा तिला एक दिवस ठाण्याला घेऊन गेले, नुसतं दाखवायला. मी तेव्हा अकरावीत होते. आत्या परत आली नाही. दोन वर्षांनी तिकडेच गेली.

३

त्या गुरुवारी गठ्ठ्यात सहा स्वेटरांचे भाग होते. सहा पाठी, सहा पुढच्या बाजू आणि तेरा बाह्या.

मी परत मोजल्या. अंजनी मोजताना चुकली असेल, मला वाटलं. बारा बाह्यांच्या सहा जोड्या लावल्या आणि उरलेली हातात घेतली. लोकर तीच, निळा रंग तोच. पण माप शाळेतल्या मुलाचं नव्हतं. बाही चांगली लांब होती, मोठ्या माणसाची. तिला धुराचा वास नव्हता. मी ती खिडकीशी नेली.

प्रत्येक टाका पायावर पाय टाकून बसला होता.

मी खाली बसले आणि परीक्षेत उत्तर लिहावं तसा विचार केला. एक, समोर बसून शिकलेली मी एकटीच असेन असं नाही. गावोगाव आत्या आहेत, मावश्या आहेत. दोन, अंजनीनं मदतीला कुणी घेतलं असेल आणि त्या बाईचा हात असा असेल. तीन, ती बाई नवी असेल, म्हणून मापात घोळ. तीनही मुद्दे मला पटले. मग मी बाही पलंगावर सरळ पसरली. ती सरळ राहिना.

तिसरीत असताना मी पेरूच्या झाडावरून पडले होते. डावा हात कोपरात मोडला, बसवला, पण जरा वाकडाच बसला. म्हणून माझ्या डाव्या बाह्या मनगटाशी नेहमी आखूड होतात. या बाहीला कोपराच्या जागी एका बाजूनं चार-पाच अर्ध्या ओळी जास्तीच्या घातल्या होत्या. त्यामुळे ती तिथे वळत होती. मी ती डाव्या हाताभोवती गुंडाळली. माझा हात जिथे वळतो तिथेच ती वळली आणि मनगटाच्या हाडावर येऊन थांबली.

मोरीत थेंब पडला. मी बाही चौथ्या पिशवीत, गोधडीच्या तळाशी घातली.

ती जनूबरोबर परत पाठवावी, हे सुचलं होतं. पण वासुमलशेठ ती उजेडाकडे धरतील आणि एका नजरेत ओळखतील. मग मी काय सांगणार होते?

४

सोमवारी जनू आला तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, अंजनीबाईंची लोकर कधी कमी-जास्त भरते का. तो हसला. म्हणाला, ताई, त्या बाईचं वजन मी तिच्या दारातच करतो, एवढासा फरक नाय, इंदुबाईंचं एक वेळ इकडंतिकडं होईल.

मग बारा बाह्या भरून वर तेरावी आली, तिची लोकर कुठून आली, हे मी विचारलं नाही. त्या एकट्याच राहतात का, एवढंच विचारलं.

"होती एकटी. नवरा वारला, पोरगा तिकडं वापीला. आता दुपारची कोणतरी येते बसायला. दोघी विणत बसतात, बोलतात, अशी सांगत होती. खूश असते हल्ली." जनूनं गठ्ठा खाली ठेवला. "मी जातो सकाळचा, आपल्याला काय दिसणार?"

मला इतकं हलकं वाटलं, की तो गेल्यावर मी स्वतःसाठी चहा केला. बाई होती. चामटोलीत हाडामांसाची एक बाई होती, तिचा टाका पिळला जायचा, ती अंजनीकडे बसायची. माझा दुसरा मुद्दा बरोबर निघाला. चहा पिताना मात्र एक बारीकसं टोचत राहिलं. दुपारी अंजनीशी मी बोलायची. आता तिच्याशी खरोखरचं बोलणारं कुणीतरी मिळालं होतं.

त्या गठ्ठ्यात उजवी बाही निघाली. गुरुवारी पुढची बाजू. पिळलेला टाका आणि माझं माप. उजव्या खांद्यापेक्षा डावा खांदा अर्धा इंच खाली, शिंपी मला नेहमी सांगतो तसा.

त्याच दिवशी क्रोशा करताना मला उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, पेराच्या कडेला, एक घट्टा लागला. विणकामाची सुई घासते तीच ही जागा. जोडणीच्या सुईनं तिथे घट्टा पडत नाही, क्रोशाच्याही नाही. वासुमलशेठना दाखवलेल्या नमुन्यानंतर मी एक ओळही विणली नव्हती. निदान माझी तशी समजूत होती. मी बोट दातांनी चावून बघितलं, कातडं चांगलंच निबर झालं होतं.

संध्याकाळी मी माझ्या सुयांचे तिन्ही जोड वर नेऊन दिले. बाईंना सांगितलं, तुमच्याकडे राहू द्या, माझं काम वाढतं. त्या म्हणाल्या, अगं, पण मला कुठं येतं विणायला? मी म्हटलं, असू द्या. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

पुढच्या सोमवारी पाठ आली.

५

बुधवारी अण्णा लवकर आले. मी दळण आणायला गेले होते. परतले तर आतल्या खोलीत दिवा लागलेला आणि गोधडीची पिशवी रिकामी. ते कुठलासा जुना शर्ट शोधत होते म्हणे. पलंगावर त्यांनी चारही भाग मांडले होते. मधे पुढची बाजू, तिच्याखाली पाठ, दोन्हीकडे दोन बाह्या. डावी कोपरात वाकलेली. कुणीतरी उताणं झोपलंय आणि डोकं तेवढं उशीत बुडालंय, असं दिसत होतं.

"छान विणलंयस," अण्णा म्हणाले. "सांगितलं नाहीस."

"मी नाही विणलं ते."

त्यांनी एक बाही उचलली. विणकामातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण या टाक्यावरून आत्या मला चिडवायची, ते त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्यांनी अंगठा टाक्यांवरून फिरवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मी भरभर सगळं सांगितलं. तेरा बाह्या, वजन, चामटोलीची अंजनी, दुपारी येणारी बाई. सांगता सांगताच मला माझा आवाज ऐकू येत होता आणि तो कुणासारखा येतोय हेही समजत होतं.

"तू गेली होतीस का चामटोलीला?"

"नाही. जनूनं सांगितलं."

"जनूनं ती बाई बघितली?"

"नाही. तो सकाळी जातो."

"बरं," अण्णा म्हणाले. ते आत्यालाही असंच बरं म्हणत. मग त्यांनी चारही भागांच्या घड्या घातल्या, हळू, बाळाचे कपडे आवरावेत तशा, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी मी रजा टाकतो. ठाण्याला एक डॉक्टर आहेत, फार चांगला माणूस आहे. नुसतं दाखवून येऊ."

रात्री त्यांनी मला आवडते म्हणून फोडणीचे पोहे केले. त्या पोह्यांनी मी जास्त घाबरले.

आता एवढंच उरलं होतं. सोमवारच्या आत त्या बाईला शोधायचं. ती आहे, तिचा टाका पिळतो, एवढं अण्णांना दाखवता आलं तर मी शहाणी. ती नसली तर ते भाग मीच विणले, आणि मग मला ठाण्याला जावंच लागणार होतं.

६

शनिवारी अण्णा गेल्यावर घरातलं सगळं आवरून साडेअकराला मी कुलूप लावलं. बदलापूरला उतरले, एस.टी.नं फाट्यावर सोडलं. वाट शेतांमधून जात होती. भात पिवळं होऊन आडवं पडलं होतं, काही ठिकाणी कापणी चालू होती. ऊन असं, की सावली पायाखाली. बांधावर एक म्हातारा विळ्याला धार लावत बसला होता. त्याला अंजनीबाईंचं घर कुठलं म्हणून विचारलं. तो हसला. काय पोरी, म्हाताऱ्याची मस्करी करतेस, अशा नजरेनं बघून त्यानं विळ्यानंच वाट दाखवली.

मी मनाशी म्हटलं, खेड्यातली माणसं सगळ्यांशीच हसतात.

घर वस्तीच्या टोकाला होतं. कौलारू, पुढं सारवलेली ओटी, मागं लगेच शेत सुरू. अंजनी ओटीवर बसून निळी बाही विणत होती. पन्नाशीची, बुटकी, मोठ्या कुंकवाच्या जागी गोंदण. तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"आज पुढल्या दारानं कशी गो?"

मी म्हटलं, अंजनीबाई, मी वृंदा, अंबरनाथची, स्वेटर जोडते ती.

"आन मी कोन, तमाशातली विठाबाय?" ती हसली. "रोज येतेस नं नाव सांगतेस. बस. चाय टाकते."

ती आत चुलीशी गेली. मी ओटीवर बसले. आतून ती बोलतच राहिली, कालचं बोलणं आज पुढं चालू केल्यासारखी. पोराचं पत्र आलंय, दिवाळीला येत नाय म्हणतो. कोंबडीनं अंडी उबवायची सोडली. मग म्हणाली, तुमचा नळ गळायचा थांबला का गो? आन अण्णांचे गुडघे कसे हायेत?

तिला माझ्या उत्तराची गरज नव्हती. मीही दुपारी तिच्या बाजूचं असंच बोलायची.

"अंजनीबाई," मी म्हटलं, "मी इथे किती वाजता येते?"

"दोनला येतेस नं तीनला जातेस. काय झाला गो तुला आज? ऊन लागला काय?"

दोन ते तीन मी आतल्या खोलीत झोपलेली असते. मी हिशेब केला. अंबरनाथहून इथे यायला मला दोन तास लागले होते. झोपेत चालत का होईना, तासाभरात जाऊन येणं कुणालाही शक्य नाही. म्हणजे ती मी नव्हे. म्हणजे दुसरी आहे. माझ्यासारखी दिसणारी आहे, असेल, जगात असतात सारखी माणसं. मी तिला हाताला धरून अंबरनाथला नेणार होते आणि अण्णांच्या पुढ्यात उभी करणार होते. मला रडायला येत होतं, आनंदानं येत होतं असं मी ठरवलं.

मनगटावरच्या घड्याळात दोनला दोन मिनिटं होती.

मागच्या दाराची कडी वाजली. कुणीतरी आत आलं, चप्पल काढली, चटई ओढून घेतली. बांगड्या एकदा खाली सरकल्या. मग स्टीलच्या दोन सुया एकमेकींना लागण्याचा आवाज सुरू झाला. बारीक, एका लयीत.

७

अंजनी चहाचा कप घेऊन मधल्या दारात उभी होती. एकच कप. तिथून तिला मागची खोली दिसत होती आणि ओटीही दिसत होती. ती आत बघायची, मग माझ्याकडे, मग परत आत. कपातला चहा तिच्या बोटांवर सांडत होता, तिला ते समजत नव्हतं.

मी बसले होते तिथून मागच्या खोलीचा एक उभा पट्टाच दिसत होता. चटईचा कोपरा. दुमडलेला गुडघा, त्यावर पिवळ्या साडीचा काठ. मांडीवर निळी लोकर. आणि एक डावं कोपर, थोडं वाकडं, पुढं-मागं, पुढं-मागं. लोकर सुईवरून उलट्या बाजूनं फिरत होती. तोंड भिंतीआड होतं. फळीवरून कोंबडीनं पितळी खाली पाडली. मी बसल्या जागी दचकले, हातानं खांब धरला. ते कोपर थांबलं नाही. थबकलंसुद्धा नाही.

असं न दचकता मी उभ्या आयुष्यात कधी बसले नव्हते.

मी उठले. "अंजनीबाई, तिला बाहेर बोलवा. माझ्या वडिलांना दाखवायचंय. नाहीतर तुम्ही तरी या सोमवारच्या आत, नुसतं सांगा की अशी एक बाई आहे. तेवढं सांगितलंत की पुरे. ते मला ठाण्याला नेणार आहेत."

अंजनीनं माझ्याकडे बघितलं. मघाचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून गेला होता. भर दुपारी विहिरीवर एकटं असताना मागं कुणी उभं असल्यासारखं वाटतं, तेव्हा बाई असं बघते.

"तू कोन?"

"वृंदा."

"वृंदा आत बसलीय," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी ओटीवर एक पाऊल पुढं टाकलं. ती एक पाऊल मागं सरली, पाठ न फिरवता. हातातला कप तिनं छातीशी धरला, जणू मी तो हिसकावून घेईन. मी म्हटलं, बाई, तुमच्या बाह्या मी दोन वर्षं जोडतेय, मी तुम्हाला ओळखते. नळाचं मी सांगितलं होतं तुम्हाला. गुडघ्यांचं मी. ती मान हलवत राहिली आणि तोंडातल्या तोंडात कुठल्याशा देवाचं नाव घेत राहिली. मग तिनं दार लोटलं. आतून अडसर सरकला.

मी अंगणात उभी राहिले. माझ्याकडे दाखवायला एकच पुरावा होता आणि तो त्या दाराच्या आत होता. मागच्या बाजूनं जाऊन बघता आलं असतं. वीस पावलं होती. मी ती वीस पावलं नजरेनं मोजली आणि तिथेच उभी राहिले.

आत कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. सुया थांबल्या. आणि मग माझा आवाज ऐकू आला. घरात अण्णांशी बोलताना, मुलाखतीत बोलताना तो असा कधीच नसतो. मोकळा होता, जरा हसरा, त्या घरात पुष्कळ दिवस वावरलेला.

"कोण आलं होतं?"

अंजनीनं आतून अडसर एकदा चाचपून बघितला.

"कोन नाय गो," ती म्हणाली. "तू विन."